साक्षीदार, पण स्रोत नाही

माझी माय गाते याला पुरावा काय, असं मला ज्या माणसानं विचारलं, तो माणूस उभं आयुष्य तिच्या बाजूला बसून पेटी वाजवत होता. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

सर आमच्याच वस्तीतले. आमच्यातला पहिला बी.एड. झालेला माणूस. आसेगावच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं, आणि संध्याकाळी त्याच हातांनी ते आमच्या अंगणात पेटी घेऊन बसायचे. माय गायची. जयंती असो, कोणाचं लग्न असो, विहाराचा कार्यक्रम असो, माय आणि सरांची पेटी ठरलेली. पुढे ते रिटायर झाले, वाशिमला घर बांधलं. मीही वाशिमलाच एका पतसंस्थेत नोकरीला लागले. म्हणजे शाळा सुटली तरी सर काही सुटले नाहीत.

रिटायर झाल्यावर लोक शेत बघतात, नातवंडं बघतात, फार झालं तर कोर्टात भावाशी भांडतात. सरांना लेकानं कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्यांना इंटरनेटवरचा तो फुकटचा विश्वकोश सापडला, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही पुसू शकतं. बाकीचे लोक तिथं लिहायला जातात. सर पुसायला गेले.

सुरुवात त्यांनी आपल्याच गावापासून केली. गावाच्या लेखात कोणीतरी हौसेनं लिहिलं होतं की इथलं महादेवाचं देऊळ पांडवांच्या काळातलं आहे, नदी बारमाही वाहते आणि गावातले लोक फार मनमिळाऊ आहेत. सरांनी तिन्ही वाक्यं उडवली. उरलं काय, तर 'हे वाशिम जिल्ह्यातील एक गाव आहे.' बस. सरपंच दोन माणसं घेऊन वाशिमला सरांच्या घरी आले. मी तेव्हा तिथंच बसले होते.

"सर, देऊळ गेलं, नदी गेली, ठीक आहे," सरपंच म्हणाले. "पन मनमिळाऊ तरी राहू द्याचं होतं."

"स्रोत आणा. ठेवतो."

"आता आमी तुमच्या घरी बसून चहा पिऊन राह्यलो, भांडून नाही राह्यलो. याहून काय पायजे तुमाले?"

"ही मूळ माहिती झाली," सर शांतपणे म्हणाले. "मला दुय्यम स्रोत लागतो. तुम्ही मनमिळाऊ आहात हे तुमच्याशी काही घेणंदेणं नसलेल्या माणसानं लिहून, छापून आलेलं असलं पाहिजे."

सरपंचानं कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी दुसरीकडे पाहिलं.

एक गंमत होती. नियमाचं बोलताना सरांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची, शाळेत फळ्यासमोर उभे असल्यासारखी. राग आला किंवा कुठं अडकले की मग वऱ्हाडी बाहेर यायची. त्यावरून मला त्यांच्या पोटात काय चाललंय ते कळायचं.

आणि हे खूळ कॉम्प्युटरपुरतं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. बसस्टँडवर कोणी म्हणालं की कारंज्याची गाडी गेली, तर सर विचारायचे, "तुम्ही जाताना पाहिली, की कोणी सांगितलं?" तोवर कारंज्याची पुढची गाडीही जायची. एका मयतीत लोक बोलत होते, माणूस मोठा दिलदार होता म्हणून. सर हळूच म्हणाले, "उदाहरण?" मयताच्या भावानं त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. माझ्या मामेबहिणीला पाहायला पाहुणे आले, मुलगा कंपनीत मोठ्या पोस्टवर आहे म्हणाले. सरांनी बसल्या जागी विचारलं, "हे कोण म्हणतं?" पाहुणे म्हणाले, मुलगाच म्हणतो. सर म्हणाले, "मग तो संबंधित व्यक्ती झाला. त्याचं कसं धरायचं?" ते स्थळ पोहे अर्धवट ठेवून गेलं. मामी त्यानंतर सरांशी बोलली नाही, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं.

काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मात्र त्यांना पुरतं ओळखलं होतं. भाजीत मीठ कमी आहे असं सर म्हणाले की काकू आतून विचारायच्या, "कोन म्हंते? छापून आलं का कुठी?" सर मुकाट्यानं जेवायचे. एकदा काकू मला म्हणाल्या, "पोरी, यायचं अन् माह्यं लगन झालं याचा तरी पुरावा हाय का यायच्याजवळ, इचार बरं." सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "फोटो आहे." काकू म्हणाल्या, "फोटो घरचाच. तो नाही चालत." मी त्या दिवशी पोट धरून हसले. पुढे हेच माझ्या गळ्यात पडणार आहे हे मला कुठं माहीत होतं?

झालं असं की माय थकत चालली होती. आवाज होता, पण दम पुरत नव्हता. मला वाटायला लागलं, ही बाई एवढी गायली, पंचक्रोशीत माणसं तिच्या गाण्यावर रडली, आणि उद्या ही गेली की हिचं नाव कुठंच नसणार. एका सुटीच्या दिवशी मी बसले आणि विश्वकोशात मायवर लेख लिहिला. फार मोठा नाही. तिचं नाव, गाव, ती शेतात निंदणाला, तण काढायला, जायची आणि तिथंच गाणी रचायची, ती कुठं कुठं गायली. आणि तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'पोरीच्या पाटीवर दिस उगवला'. ते गाणं तिनं मी पहिलीत गेले तेव्हा रचलं. त्या गाण्यातली पोरगी म्हणजे मी. आजही आमच्याकडे पोरगी शाळेत घातली की ते गाणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाहते तर प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'स्रोत हवा' लावलेलं. 'गोड गळ्याची' हे शब्द गायब. आणि वर एक पाटी: या लेखाला विश्वसनीय स्रोत नाहीत, ते न दिल्यास लेख वगळला जाईल. हे करणाऱ्याचं नाव मी लगेच ओळखलं. मी तशीच पतसंस्थेतून उठून त्यांच्या घरी गेले.

"सर, माय गाते याले स्रोत पायजे तुमाले?"

"नियमाप्रमाणे, हो."

"तुमी तिच्या बाजूले बसून पेटी वाजवली. तुमाले मालूम नाही का?"

"मला माहीत आहे. मी साक्षीदार आहे, स्रोत नाही. साक्षीदार कोर्टात चालतो, इथं चालत नाही."

"मंग मी सांगतो. गाणं माह्यावर हाय."

"तू तर लेक. वरून गाण्यातली पोरगी. तुझा शब्द माझ्याहून कच्चा."

मी डोक्याला हात लावला. एवढा राग आला होता की काकूंनी आणलेला चहा मी प्यायले नाही. पण सर चपला घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल. शोधू." हेच त्यांचं कळायचं नाही. पाटी तेच लावणार, आणि ती काढायला उन्हातान्हात तेच फिरणार.

आम्ही फिरलो. वाचनालयात गेलो, पेपरवाल्यांकडे गेलो. जुने अंक बहुतेक रद्दीत गेलेले. जे मिळाले त्यात कार्यक्रमाच्या बातम्या होत्या: अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, मंचावर कोण कोण, हार कोणी घातला. शेवटी एक ओळ, 'यावेळी बहारदार गीतगायन झाले.' गायलं कोण, ते नाही. जणू गाणं आपोआपच झालं. एकदा मायची कॅसेट निघाली होती, ती मी मायच्या ट्रंकेतून शोधून काढली. तिच्या कव्हरवर कॅसेटच्या दुकानदाराचा गॉगल लावलेला फोटो होता, गाणारणीचं नाव नव्हतं. सरांनी कव्हर उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाले, "यावरून तो दुकानदार गात होता असं सिद्ध होतं." ते विनोद करत नव्हते.

महिना असाच गेला. मग केनवडला सरांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे मी पतसंस्थेच्या कामानं गेले होते. बोलता बोलता मायचा विषय निघाला. ते म्हणाले, "अरे, तुह्या मायचं गानं तर आपल्या मेळाव्याच्या स्मरणिकेत छापलं होतं. सरायनंच तर संपादन केलं होतं तिचं." आणि त्यांनी माळ्यावरून ती काढून दिली.

माझा आनंद काय सांगू. बसमध्ये बसून मी ते पान उघडलं. गाणं पूर्ण छापलेलं होतं, चारही कडवी. खाली लिहिलं होतं, 'स्वर:' आणि मायचं नाव. छापील अक्षरात. मायचं नाव मी पहिल्यांदा छापलेलं पाहत होते. मग माझी नजर वर गेली. गाण्याच्या वर लिहिलं होतं, 'गीत व संगीत:' आणि सरांचं नाव.

मी पान मिटलं, पुन्हा उघडलं. मग एक गोष्ट डोक्यात आली. महिनाभर हा माणूस माझ्यासोबत रद्दी उपसत होता. ही स्मरणिका त्यानं स्वतः काढली होती, आणि त्यानं तिचं एकदाही नाव काढलं नव्हतं.

मी त्यांच्यापुढे ती ठेवली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, आत उघडलं नाही, उलटी करून टेबलावर ठेवली.

"कुठी भेटली तुले?"

वऱ्हाडी. मला तेवढ्यावरूनच कळलं.

"केनवडले. सर, हे काय हाय?"

"म्या गानं माह्या हातानं उतरून प्रेसमंधी देल्लं होतं. खाली माही सही होती. प्रेसवाल्यानं वरतं माह्यं नाव टाकलं."

"प्रूफ तुमीच पाहिलं असंन ना?"

"पाहिलं."

"मंग काहून नाही खोडलं?"

सरांनी स्मरणिका एका बोटानं टेबलाच्या कडेला सरकवली. मग म्हणाले, "बरं वाटलं मले. कवीच्या जागी नाव. म्हटलं राहू दे, बाईले कायले कळते."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. ज्या माणसानं शाळेत मला कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, तो हा माणूस. पण खरं सांगते, त्या घडीला माझं डोकं दुसरीकडेच पळालं. मी म्हणाले, "ठीक आहे सर. स्मरणिका राहू द्या. गायिका म्हणून तरी मायचं नाव टिकंन. गीताचं आपण लिहीतच नाही."

"आणि चूक आहे हे माहीत असून मी तो स्रोत ठेवू?" एकदम पुस्तकी. "ते शक्य नाही."

ते लागलीच कॉम्प्युटरपुढे बसले आणि एका बोटानं टाइप करत लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल वाद घालायच्या पानावर, लिहिलं: 'सदर स्मरणिका विश्वसनीय नाही. तिच्या संपादकाने दुसऱ्याच्या गीतावर स्वतःचे नाव छापू दिले. तो संपादक मी आहे. गीत या बाईंचेच आहे.' स्वतःच्या खऱ्या नावानं लिहिलं. आयुष्यात त्यांच्या नावाचं तेवढं एकच पुस्तक होतं, आणि तेच त्यांनी चारचौघांत खोटं ठरवलं. मी मागे उभी राहून वाचत होते. माझा राग अर्धा तिथंच उतरला.

पण एवढ्यावर संपलं असतं तर ते सर कसले. दोन दिवसांनी तिथल्या कुठल्या तरी व्यवस्थापकाचं उत्तर आलं. 'आपल्या या म्हणण्याला स्रोत आहे का?'

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. काकू दारात येऊन उभ्या होत्या, पण त्या दिवशी त्याही हसल्या नाहीत.

पुढे तर पार वैताग. त्या व्यवस्थापकानं स्मरणिकेचा संदर्भ देऊन लेखात नीट लिहून टाकलं की हे गाणं सरांनी लिहिलं आणि मायनं गायलं. वरची वगळण्याची पाटी निघाली. लेख टिकला. माझ्या मायचं नाव इंटरनेटवर आलं, आणि तिचं गाणं तिच्या हातातून गेलं. सर ती ओळ पुसायचे, तो पुन्हा लिहायचा. सर पुसायचे, तो लिहायचा. शेवटी त्यानं सरांना आठवडाभर लिहायची बंदी घातली. कारण दिलं, 'स्रोत असलेला मजकूर वारंवार काढणे.' उभं गाव ज्यांच्या नियमाला कंटाळलं होतं, त्यांनाच तो नियम चावला. एरवी मला गंमत वाटली असती.

"आता?" मी विचारलं.

"आता तुह्या मायले सांगा लागंन," सर म्हणाले.

आम्ही गावी गेलो. माय ओसरीत सूप घेऊन तूर पाखडत होती. सर खुर्चीवर बसले नाहीत, खाली बसले. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मायच्या हातातलं सूप थांबलं.

"ते पुस्तक तुमी मले देल्लंच नाही," ती म्हणाली.

"नाही देल्लं."

"मी इचारलं होतं तवा. तुमी म्हटलं, छापाचं राहून गेलं."

"हाव."

माय चिडली की ओरडत नाही, तिचा आवाज खाली जातो. "माह्या चुलीजवळ बसून भाकर खाल्ली तुमी. त्या गान्यावर पेटी वाजवली. दर साली. अन् एका बी साली तुमच्या तोंडातून नाही निघालं?"

मी म्हणाले, "माय, आमी लेखात दुरुस्तीसाठी लई धडपड केली—"

"मले तुहा लेख नाही समजत. मले कायले पायजे तो?" ती माझ्याकडे वळलीही नाही. "सर, जयंतीले सारी वस्ती राहते. माइकवर सांगा."

आणि तेव्हाही, त्या घडीलाही, हा माणूस म्हणतो, "बाई, भाषणात बोललेलं स्रोत म्हणून धरत नाहीत."

"वस्ती धरते," माय म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली. आम्ही निघालो तेव्हा तिनं चहाचं विचारलं नाही. आमच्या घरून सर चहा न घेता निघाले, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

जयंतीला मंडप भरला होता. बायका पुढे, माणसं मागे, पोरं झेंड्याखाली. मी पुढच्या रांगेत बसले होते, माय माझ्या मागे चार बायका सोडून. सर मंचावर गेले. पांढरा सदरा, हातात कागद नाही. त्यांनी माइक धरला आणि सरळ सांगितलं की 'पोरीच्या पाटीवर' हे गाणं माझं नाही, ते बाईंचं आहे, स्मरणिकेत माझं नाव छापलं गेलं ते मी मुद्दाम राहू दिलं, ही माझी चोरी आहे.

मग टाळ्या.

मला आधी कळलंच नाही लोक टाळ्या कायच्या वाजवून राह्यले. मग जयंती समितीचा पोरगा, सरांचाच जुना विद्यार्थी, दुसरा माइक घेऊन उठला. "पाहा, याले म्हंतात मोठेपण. आजच्या जमान्यात लोक दुसऱ्याचं चोरून आपल्या नावावर करतात. आपले सर सोताचं गानं आपल्या वस्तीतल्या एका निंदणाऱ्या बाईच्या नावानं करून राह्यले."

पुन्हा टाळ्या, अजून जोरात. सर हात वर करून म्हणाले, "अरे, तसं नाही बाबू. खरं सांगून राह्यलो मी." मागून कोणीतरी म्हणालं, "सर लई साधे." सर म्हणाले, "मी चोरी केली," तर पुढच्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. तेवढ्यात कोणी शाल आणली. खरंच आणली. सरांच्या अंगावर टाकली. सर ती काढायचे, तो पोरगा परत टाकायचा, आणि सगळा मंडप टाळ्या वाजवत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. इतका लाचार माणूस मी कधी पाहिला नाही. मला वाटलं, उठावं आणि एकेकाच्या कानाखाली द्यावी.

माझ्या मागून माय उठली. तिला पायऱ्या चढवत नाहीत, दोघींनी धरून वर नेली. लोकांना वाटलं आता ती गाणार, आभार मानणार, आणि टाळ्या पुन्हा वाढल्या. तिनं सरांच्या अंगावरची शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली. मग त्या पोराच्या हातातला माइक घेतला. टाळ्या थांबेपर्यंत ती नुसती उभी राहिली.

"टाळ्या कायच्या वाजवता," ती म्हणाली. "सर खरं सांगून राह्यले. गानं माह्यं व्हय. त्यायनं चोरलं होतं, आज वापस केलं. यात मोठेपन काय हाय?"

समितीचा पोरगा खाली पाहत होता.

"हे गानं म्या माह्या पोरीवर बांधलं," माय म्हणाली आणि माइक धरलेल्या हातानंच खाली दाखवलं. "ते तठी बसली हाय. इचारा तिले."

सगळा मंडप माझ्याकडे वळला. सरही पाहत होते. त्यांचे ओठ हलले, पण या वेळी त्यांनी स्रोत मागितला नाही.

मी उठून उभी राहिले.